‘धडाचे नियंत्रण’ : एका संज्ञेची तपासणी

पक्षाघाताने लुळा पडलेला रुग्ण पुन्हा चालेल की नाही, याचे उत्तर फार काळ त्याच्या पायातच शोधले जात असे. दृष्टी धडाकडे वळविण्याचे बरेचसे श्रेय पॅट्रिशिया डेव्हिस यांच्या ‘राइट इन द मिडल’ या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाला द्यावे लागते. त्याच वर्षी कॉलिन व वेड यांनी धडाची चार कृतींची एक चाचणी विश्वसनीयतेच्या कसोटीवर तपासली. पुढे २००४ मध्ये बेल्जियममधील ल्यूव्हन येथे व्हेरहेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सतरा कलमांची आणि २३ गुणांची मोजपट्टी सिद्ध केली. धडाचे नियंत्रण चांगले असेल तर चालणे चांगले, हे विधान आता या विषयावरील लेखनात जणू गृहीतच धरले जाते. विधान खोटे नव्हे. परंतु त्यातील ‘नियंत्रण’ हा शब्द एकाच वेळी तीन अर्थांनी वावरतो, आणि एका अर्थाची मोजणी दुसऱ्या अर्थाच्या खात्यावर जमा होते. हा दोष वैद्यकाचा असण्यापेक्षा भाषेचा अधिक आहे.

‘कंट्रोल’ हा शब्द मुळात हिशेबनीसांचा. मूळ गुंडाळीशी ताडून पाहण्यासाठी ठेवलेली दुसरी प्रत, असा त्याचा मध्ययुगीन अर्थ होता. मराठीने ‘नियंत्रण’ हा प्रतिशब्द विशेष चिकित्सा न करता स्वीकारला. वस्तुतः मराठीच्या घरगुती बोलीत या विषयासाठी अधिक बोलका प्रयोग आहे. तीन-चार महिन्यांच्या तान्ह्या मुलाविषयी आजी म्हणते, ‘बाळानं मान धरली.’ तीच आजी स्वतःविषयी ‘सकाळपासून मान धरली आहे’ म्हणते तेव्हा अर्थ अगदी उलट असतो. पहिल्या वाक्यात मान तोलता येऊ लागली आहे. दुसऱ्यात ती वळवता येईनाशी झाली आहे. बोलणाऱ्याला संदर्भाने भेद कळतो. मोजपट्टीला संदर्भ नसतो.

कॉलिन-वेड चाचणीतील बसण्याची कृती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पाय जमिनीला न टेकवता पलंगाच्या काठावर तीस सेकंद बसावयाचे. हाताचा आधार घेतला तर १२ गुण, न घेतला तर २५. छातीचा पिंजरा व कंबर एकत्र आवळून खांबासारखा बसलेला रुग्णही येथे पूर्ण गुण मिळवू शकतो. चालण्याची मागणी मात्र निराळी आहे. सावकाश चालताना खांदे व श्रोणी बरीचशी एकत्र वळतात. वेग वाढला की ती परस्परविरुद्ध दिशांनी वळू लागतात. ज्याने धड धरून ठेवले आहे त्याला ते सोडताही आले पाहिजे. ल्यूव्हनच्या मोजपट्टीने खांदे व श्रोणी वेगवेगळी फिरविण्याची कलमे घालून ही उणीव पुष्कळ अंशी भरून काढली, हे मान्य केले पाहिजे.

दुसरा अर्थ आज्ञेनुसार हालण्याचा. येथे प्रश्न अधिक गंभीर होतो. मेंदूच्या डाव्या गोलार्धात आघात झाला की उजवे अंग जाते आणि पुष्कळदा त्याबरोबर वाचाघातही येतो. अशा रुग्णाला ‘लुळ्या बाजूचे कोपर पलंगाला टेकवा आणि परत सरळ व्हा’ असे सांगितले आणि तो स्वस्थ बसून राहिला, तर धड हालले नाही की वाक्य पोहोचले नाही? ल्यूव्हनची मोजपट्टी कृती करून दाखविण्याची मुभा देते; तथापि ज्याला पाहिलेली कृती जुळवता येत नाही, त्याला दाखविण्याचाही उपयोग मर्यादितच. गुणांत हे काहीच उमटत नाही. १००पैकी ५० हा आकडा दोन अगदी भिन्न माणसांचा असू शकतो.

आणि या आकड्यांना वजन आहे. २०११ साली वेरबेक व सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधील १५४ रुग्णांविषयी लिहिले की, आघातानंतर ७२ तासांच्या आत ज्यांना तीस सेकंद बसता आले व ज्यांच्या पायात काही शक्ती दिसली, ते सहा महिन्यांनी स्वतंत्रपणे चालण्याची शक्यता सुमारे ९८ टक्के होती. ज्यांना दोन्ही जमले नाही त्यांची २७ टक्के. नवव्या दिवशीही तीच स्थिती राहिली तर १० टक्के. हे भाकीत म्हणून मोलाचे आहे. मात्र भाकीत म्हणजे कारण नव्हे. बसणे व चालणे ही दोन्ही एकाच जखमेच्या आकाराची फळे असू शकतात. शिवाय कोणाला पुढील उपचारास पाठवावे आणि कोणाला घरी, हे अशा आकड्यांवर ठरू लागले, तर न कळलेल्या वाक्याची किंमत रुग्णाच्या पायांनी मोजावी लागेल.

तिसरा अर्थ सर्वांत उपेक्षित. १९६७ साली बेलेंकी, गुरफिंकेल व पाल्त्सेव्ह या सोव्हिएत संशोधकांनी दाखविले की, उभा माणूस हात उचलतो तेव्हा हाताच्या स्नायूआधीच पाय व धडाचे स्नायू कामाला लागतात. ही तयारी कोणी सांगत नाही, करणाऱ्यालाही ती कळत नाही. पक्षाघातानंतर धडाच्या स्नायूंत ती उशिरा येते, हे डिकस्टाइन व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये नोंदविले. चालण्याशी सर्वांत जवळचे नाते याच नियंत्रणाचे असावे. पण ते आज्ञा देऊन मागता येत नाही, म्हणून गुणपत्रिकेत येत नाही.

आधी तोल, मग चाल, ही शिडीही वाटते तितकी सरळ नाही. १९८९ साली विनस्टाइन व सहकाऱ्यांना आढळले की, उभे राहताना दोन्ही पायांवर सारखा भार देण्याचे शिक्षण दिल्याने उभे राहणे सुधारले, परंतु चालण्यातील लंगडेपणा त्यामुळे कमी झाला नाही. याउलट २०२३ च्या कॉक्रेन समीक्षेत, ६८ प्रयोगांचा आढावा घेऊन, धडाच्या व्यायामाने चालण्याची क्षमता वाढते असा निष्कर्ष निघाला. आणि तुलनेतील रुग्णांना तितकाच वेळ दुसरे उपचार दिले होते, त्या प्रयोगांतही तो टिकला. तेव्हा व्यायामाविषयी शंका नाही. शंका आहे ती त्या व्यायामाने ‘धरणे’ सुधारले, ‘सोडणे’ सुधारले, की न सांगता होणारी पूर्वतयारी, याविषयी. आणि रुग्णाला सूचना बोलून दिली, करून दाखविली, की हात धरून करवून घेतली, हे गुणांशेजारी लिहिले जात नाही तोवर ती शंका फिटणे कठीण.