कुठला पाहुणा?

हे झिचांग हा आठव्या शतकातला चिनी कवी. उभी हयात राजधानीत चाकरी करून ७४४ साली, वयाची ऐंशी उलटल्यावर तो गावी परतला आणि त्या परतण्यावर त्याने चार-चार ओळींच्या दोन कविता लिहिल्या. मला चिनी येत नाही; भाषांतरांची काठी टेकतच या कवितांपर्यंत गेलो आहे.

पहिलीत घडतं ते एवढंच. तरुणपणी घर सोडलेला माणूस म्हातारा होऊन येतो. बोलीची ढब गावचीच राहिली आहे, केस मात्र विरळ झालेत. पोरं त्याला ओळखत नाहीत. हसत हसत विचारतात, की हा पाहुणा कुठला. संपली कविता. जाणं आणि येणं एकाच ओळीत उरकल्यामुळे मधली पन्नासेक वर्षं कवितेत नाहीतच. ती केसांवरून ताडायची. रडगाणं औषधालाही नाही. खरी मेख आहे ती पोरांच्या हसण्यात. ती हेटाळणी करत नाहीत, अगत्याने विचारतात, आणि हे अगत्यच म्हाताऱ्याला परकं करून टाकतं. मराठीत आणताना ‘पाहुणा’ हा शब्द आयता कामी येतो. आपल्या पारावर अनोळखी माणसालाही ‘पाहुणे’ म्हणूनच हाक पडते. ती जवळही घेते आणि आपण इथले नाही हेही सांगून टाकते.

(आपल्याकडे परतण्याचं गाणं आधी बायकांनी गायलं, जात्यावर. पण माहेरवाशिणीला ती कुठली हे कुणी विचारत नाही. ती पुन्हा जाणार हे सगळ्यांना ठाऊक असतं.)

झिचांगची ही पहिली कविता गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकशाला नेली की उलटी होते. समजा, भामरागडच्या जंगलातल्या एखाद्या पाड्यावरचा माडिया आदिवासी मुलगा लहानपणी आश्रमशाळेत गेला, मग आलापल्ली, गडचिरोली, नागपूर असं करत शिकून पंचविशीत घरी आला. केस काळेभोर आहेत. झिजली आहे ती बोली. माडिया ही गोंडीच्या गोतातली, द्रविड कुळातली भाषा. शाळेची मराठी तिच्या नात्यातली नव्हे. म्हाताऱ्या चिन्याकडे गावचं म्हणून जे एकच शिल्लक होतं, नेमकं तेच या पोराच्या हातून निसटलं आहे.

इथे आणखी एक अदलाबदल झाली. २३ डिसेंबर १९७३ला बाबा आमटे यांनी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना माडिया शिकावी लागली ती खाणाखुणा करत, एकेक शब्द वेचत. १९७६मध्ये शाळा निघाली. म्हणजे बाहेरून आलेले माडिया बोलू लागले आणि घरची पोरं मराठी. त्यांतली काही डॉक्टर, शिक्षक होऊन याच भागात परतली. त्या परतण्याची कविता कुठल्या भाषेत लिहायची? भिलोरी आणि मराठी अशा दोन्हींत लिहिणारे वाहरू सोनवणे, ‘उलगुलान’वाले भुजंग मेश्राम या आदिवासी कवींना हा पेच अंगावर घ्यावा लागला. हे झिचांगला तो पडलाच नव्हता. त्या अर्थी म्हातारा नशीबवान.

दुसरी कविता पहिलीइतकी गाजली नाही. मला ती जास्त आवडते. माणसं निम्मीअधिक गेली, व्यवहार बदलले, पण दारासमोरच्या तळ्यावर वसंताचा वारा जुन्याच लाटा उठवतो, असा तिचा भाव. पाणी तरी ओळख ठेवून आहे, ही म्हाताऱ्याने स्वतःची काढलेली समजूत.

हेमलकशाहून भामरागडला निघालं की मध्ये पर्लकोटा नदी लागते. पुढे इंद्रावती, पामुलगौतम आणि ही, तिघींचा संगम. पावसाळ्यात पर्लकोटा फुगून जुना ठेंगणा पूल बुडवायची आणि पलीकडचं गाव तुटायचं. इथलंही पाणी जुनंच, न बदललेलं. पण ते समजूत काढत नाही, वाट अडवतं. पलीकडे घर दिसत असतं आणि परतलेला माणूस चपला हातात घेऊन, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून अलीकडे खोळंबलेला.

शेजारी एखादं पोर उभं असणारच. ते विचारणार, माडियात, हसत. हे झिचांगने म्हाताऱ्याचं उत्तर लिहिलंच नाही. इथे मात्र उत्तर ओठांवर येतं आणि पहिला शब्द मराठी निघतो.