परित्राणाचे सुत्त आणि मनगटाचे सूत

चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात वर्षावास आणि रोवणी बरोबरच येतात. बांधीत आणि कुडाच्या घरांत साप निघण्याचे दिवसही तेच. अशा वेळी विहारात परित्राणपाठ होतो व शेवटी उपासकांच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला जातो. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तिच्यात गंडा-ताईताचा त्याग गृहीतच होता. हा दोरा मात्र आपला आहे, म्हणून तो गंडा नव्हे, असा युक्तिवाद होतो. तो तपासला पाहिजे.

पालीत 'सुत्त' म्हणजे बुद्धवचन आणि सूतही. मंगलसुत्तात दोरा नाही, अहिराजसुत्तातही नाही. तो भेटतो महावंसाच्या सातव्या परिच्छेदात: लंकेत उतरलेल्या विजयाच्या सोबत्यांच्या हातांना देव सूत बांधतो आणि यक्षिणी त्यांना खाऊ शकत नाही. ही लंकेची बखर आहे, बुद्धवचन नव्हे.

अहिराजसुत्त अधिक अवघड आहे. सर्पदंशाने मेलेल्या भिक्खूने चार सर्पकुळांविषयी मैत्री बाळगली असती तर तो मेला नसता, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. आपले काही विवेचक एवढेच नेमके गाळतात. हे अभ्यासकाला शोभत नाही. मिलिंदपञ्हात तर कर्म, क्लेश वा अश्रद्धा आड आल्यास परित्त रक्षण करीत नाही, अशी सोय करून ठेवली आहे. रोगी दगावल्यावर मांत्रिक याहून निराळे काय सांगतो?

परंतु महावग्गाच्या भेसज्जक्खन्धकात साप चावलेला एक जिवंत भिक्खू येतो. त्याच्यासाठी परित्त सांगितलेले नाही. विष्ठा, मूत्र, राख व माती ही तत्कालीन औषधे देण्याची अनुज्ञा आहे. ती औषधे आज त्याज्य होत, पण दंशानंतर औषधच शोधले गेले, हे विसरता येत नाही. ब्रह्मजालसुत्तात तर सापाविंचवाच्या विद्येवर पोट भरणे ही मिथ्या आजीविका मानली आहे.

मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्यास चावते. पुष्कळदा दुखतही नाही, खूणही दिसत नाही. श्वास अडखळण्यापूर्वी प्रतिसर्पविष मिळणे अगत्याचे असते. त्या घटकांत 'हाताला दोरा आहे' हा दिलासा जीव घेऊ शकतो. सर्पदंश झालेल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून गंडेदोरे करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. दोरा कोणत्या धर्माचा, हे तो कायदा विचारीत नाही.

परित्राणपाठ थांबवावा, असे माझे म्हणणे नाही. अहिराजसुत्त विहारात अवश्य वाचावे, काही न गाळता वाचावे; लगेच भेसज्जक्खन्धकातील तो प्रसंग सांगावा, आणि प्रतिसर्पविष जवळच्या कोणत्या रुग्णालयात मिळते, हेही त्याच आसनावरून सांगावे.