‘इरेझरहेड’चे प्रथमदर्शन आणि रसविघ्नाचा प्रश्न

डेव्हिड लिंच या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘इरेझरहेड’ हा कृष्णधवल चित्रपट १९७७ साली प्रदर्शित झाला. लॉस एंजेलिस येथील अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या आश्रयाने १९७२ साली सुरू झालेले त्याचे चित्रीकरण द्रव्याभावी वर्षानुवर्षे रखडले. मध्यरात्रीच्या खेळांतून त्याला निष्ठावंत प्रेक्षकवर्ग लाभला आणि २००४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटसूचीत त्याचा समावेश झाला. तरीही प्रथम पाहणाऱ्याचा अभिप्राय बहुधा ‘दुर्बोध’ या एका शब्दात संपतो. हा आक्षेप तपासून पाहण्याजोगा आहे.

कथानक वस्तुतः थोडके आहे. कारखान्यांच्या ओसाड वस्तीत राहणारा हेन्री प्रेयसी मेरीच्या घरी जेवावयास जातो. तेथे त्याला आपण पिता झाल्याचे कळते. मूल अकाली जन्मलेले, मानवी आकृतीशी अल्पसे साम्य असलेले, मानेखाली पट्ट्यांत गुंडाळलेले आहे. त्याच्या रडण्याने त्रासून मेरी माहेरी निघून जाते आणि हेन्री त्या आजारी मुलापाशी एकटा उरतो.

भावी सासुरवाडीचे अवघडलेले जेवण, रात्रभर रडणारे तान्हे, त्याचे आजारपण, हे सारे परिचितच आहे. त्याला दुःस्वप्नाचे रूप येते ते प्रमाण बिघडल्यामुळे. ताटातली कोंबडी सुरी लागताच पाय हलवू लागते. संवादांमधील मौन नको तितके लांबते. लिंच व ॲलन स्प्लेट यांच्या ध्वनियोजनेत यंत्रांची घरघर क्वचितच थांबते. ‘पितृत्वाचे भय’ हा अर्थ सांगितल्याने या अनुभवाला केवळ नाव मिळते, त्याचा उलगडा होत नाही.

अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांत ‘निजसुखादिविवशीभाव’ हे एक आहे. स्वतःच्याच सुखदुःखाच्या अधीन झालेल्या प्रेक्षकाला रसास्वाद घडत नाही, आणि त्याच्या निवारणार्थ नाट्यात गीतवाद्यादींची योजना असते. येथे मात्र ध्वनीच ते विघ्न उत्पन्न करतो. मुलाचे रडणे हेन्रीइतकेच प्रेक्षकाच्याही कानांवर आदळत राहते. काही काळाने ‘हे थांबावे’ एवढीच इच्छा उरते. अखेर मूल आपल्याला हसते आहे असे पाहून हेन्री कात्रीने त्या पट्ट्या कापतो. त्या देहाला पट्ट्यांखेरीज दुसरे आवरणच नव्हते, हे त्याला आणि प्रेक्षकाला एकाच क्षणी कळते. मनाने मागितलेल्या शांततेचे मूल्य असे समोर येते. बीभत्साच्या तळाशी करुण होता. तो ओळखला गेला तेव्हा उशीर झालेला असतो.

दुसऱ्या खेपेस पट्ट्यांखालचे सत्य ठाऊक असलेला प्रेक्षक आरंभापासूनच मुलाची कीव करतो. तो अधिक जाणता असतो, पण त्या कृत्यात त्याचा वाटा उरत नाही. म्हणून प्रथमदर्शनातील अस्वस्थता ही अभ्यासाने दूर करावयाची उणीव मानता येणार नाही. विघ्न मानलेल्या अवस्थेतूनच येथे करुणाची प्रतीती घडते. रसविघ्नांचा विचार चित्रपटकलेला लावू पाहणाऱ्यास या विपरीत व्यापाराची दखल घ्यावीच लागेल.