दुसरी बाजू

गाण्याच्या जुन्या यंत्रांविषयी लिहायचे म्हटले की डोळे ओले करणे ही अलीकडे एक रीतच होऊन बसली आहे. फोनोचा कर्णा, कुत्र्याची छाप, तबकडीची खरखर, मोटारीतली कॅसेट आणि तिची निसटलेली फीत गुंडाळणारी पेन्सिल, एवढे सामान मांडले की लेख पुरा होतो. असले लेख वाचून मीही गहिवरलो आहे, नाही असे नाही. पण गहिवर ओसरला की एक शंका उरते. ज्या वस्तूची आठवण येते असे आपण म्हणतो, ती आपल्याला खरोखर हवी आहे का? आणि हवी असेल, तर तिच्यातले नेमके काय हवे आहे?

बाजाराने या शंकेची दोन उत्तरे देऊन ठेवली आहेत. अमेरिकेत २०२० साली तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न सीडीच्या उत्पन्नापेक्षा अधिक झाले, आणि असे १९८० च्या दशकानंतर प्रथमच घडले. आपल्याकडे २०१७ साली सारेगामा कंपनीने, म्हणजे पूर्वीच्या ग्रामोफोन कंपनीनेच, ‘कारवाँ’ नावाची पेटी काढली. दिसायला जुना ट्रान्झिस्टर, पोटात पाच हजार गाणी. दोन्ही गोष्टी जुन्याच्या ओढीने विकल्या गेल्या, पण माझ्या मते त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत. तबकडीची बाजू संपते. पेटी संपत नाही. या लेखात मला सांगायचे आहे ते या संपण्याविषयी.

मिरजेला आमच्या घरी चावीचा फोनो होता. वडिलांनी तो जुनाच विकत घेतला होता आणि त्याच्याबरोबर आलेल्या व पुढे जमवलेल्या तबकड्या सत्तावीस होत्या. लाखेच्या त्या जड काळ्या थाळ्या मिनिटाला ७८ फेरे घेत, आणि दहा इंची थाळीची एक बाजू सव्वातीन मिनिटांच्या आसपास संपे. मग कोणीतरी उठायचे, थाळी उलटायची, चावी भरायची, पिन बदलायची. दर बाजूला नवी पिन लावावी असा नियम होता. आमच्याकडे एक पिन चार बाजूंना पुरवली जाई आणि थाळी खराब झाली की दोष मुलांवर येई. चावी पुरती भरली नसली तर गवई शेवटच्या ओळीत पेंगू लागे, सूर खाली घसरत जाई आणि आई आतून ओरडे, “अरे, चावी द्या, बुवांना झोप लागली!”

हे उठणे फार महत्त्वाचे होते असे आता वाटते. सव्वातीन मिनिटे घर गप्प बसे, कारण तेवढ्यापुरते गप्प बसणे कोणालाही जमते. नंतरच्या मिनिटभरात बोलणे होई. तीच बाजू पुन्हा की दुसरी, यावर तंटा होई. नाटकात बालगंधर्वांना वन्समोअर देण्यासाठी तिकीट काढावे लागे. आमच्याकडे तो अधिकार पिन उचलणाऱ्या हाताकडे होता.

इथवर मी इतर लेखकांसारखाच हळवा झालो आहे. आता दुसरी बाजू लावतो.

या यंत्राने आपल्या संगीताला कात्री लावली. १९०२ च्या नोव्हेंबरात गायसबर्ग नावाच्या साहेबाने कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हापासून हिंदुस्थानी गवयापुढे एकच प्रश्न उभा राहिला : तासाभराचा राग तीन मिनिटांत कसा मांडायचा? गाणे संपताच बाई इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत असत, कारण थाळी जर्मनीत छापली जाई आणि तिकडच्या कारागिरांना नाव कळावे लागे. म्हणजे तीन मिनिटांतले काही क्षण त्यातही गेले. आलाप तर जवळजवळ गेलाच. बंदिशीचे तोंड, थोडी बढत, चारदोन ताना, आणि पिन आतल्या वर्तुळावर फिरू लागली. काही गवयांनी या जागेत विलक्षण काम केले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या झिंझोटीतल्या ठुमरीची तबकडी ऐकून लहानग्या भीमसेन जोशींना गाण्याचे वेड लागले, हे सर्वांना माहीत आहे. पण ती ठुमरी होती. ख्यालाचे दुःख निराळे.

त्या दुःखाचा मी स्वतः साक्षीदार आहे, किंबहुना गुन्हेगार आहे. मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात खाँसाहेबांच्या पुण्यतिथीला गाणे होते. मी दहाबारा वर्षांचा असताना वडील मला तिथे घेऊन गेले. भीमपलास सुरू झाला. आमच्या सत्तावीसांत भीमपलास होता, त्यामुळे मी जाणकाराच्या ऐटीत मांडी घातली. पाच मिनिटे झाली, दहा झाली. गवई अजून मध्यसप्तकाच्या खालीच रेंगाळत होते. मी वडिलांच्या कानाशी लागून विचारले, “अण्णा, यांना पुढचे येत नाही का?” वडिलांनी उत्तर दिले नाही. परततानाही ते फारसे बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती भीमपलासाची थाळी त्यांनी कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिली आणि मला सांगितले, “हिच्यावरून राग ओळखायचा. राग हिच्यात नाही.” ती थाळी पुन्हा खाली यायला दोन वर्षे लागली.

म्हणून ‘तबकडीतच खरे संगीत होते’ असे कोणी म्हणाले की मला तो रेंगाळणारा गवई आठवतो. पण उलट टोकाला जाणेही मला जमत नाही. अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते. फोनो तोवर गावोगाव पोचला होता आणि खाँसाहेबांच्या गाण्याचे एकही ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळत नाही. त्यांच्या शिष्यांच्या गळ्यातून आपण त्यांचा अंदाज करायचा. कात्री लागलेले तीन मिनिटांचे गाणे आणि हे पुरते मौन, यांत निवड करायची झाली तर मी मुकाट्याने कात्री घेईन. भावगीताच्या बाबतीत तर तक्रारीला जागाच नाही. तो प्रकार तबकडीच्या मापानेच बेतला गेला. कडवी तीन, चाल सुटसुटीत, बाजू भरली. यंत्राने एका हाताने ख्याल खुडला आणि दुसऱ्याने हे रोप लावले.

मोटारीतल्या गाण्याची कथा अधिक गमतीची आहे. १९५६ साली अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीने मोटारीत तबकडी वाजवण्याचे यंत्र बसवले. त्याची थाळी मिनिटाला अवघे १६⅔ फेरे घेई, म्हणजे छोट्या थाळीतही बराच वेळ गाणे मावे. खड्ड्यांपुढे ते फार वर्षे टिकले नाही. मग १९६० च्या दशकात आठ पट्ट्यांची काडतुसे आली. ती गाण्याच्या मध्येच ‘खट्’ करून पट्टी बदलत. फिलिप्सने १९६३ साली दाखवलेली कॅसेट मात्र साऱ्या जगाने उचलली.

आमच्या काकांच्या फियाटमध्ये ती १९८० च्या दशकात आली. पुण्याहून मिरजेला निघालो की कात्रजला नव्वद मिनिटांची कॅसेट सुरू होई आणि शिरवळच्या आसपास तिची बाजू संपे. इथे उठून जायची सोय नव्हती. काकूंना नाट्यपदे हवीत, पोरांना सिनेमा, आणि काका सारथी असल्याने त्यांची भजने ठरलेली. दुसऱ्याच्या आवडीचे पाऊण तास ऐकून घेण्याची सक्ती होती. त्या सक्तीतून माझ्या मुलाला नाट्यसंगीत कळले, हे तो आज स्वतः कबूल करतो. आता गाडीत चौघे असले तर चौघांच्या कानांत चार निरनिराळी गाणी असतात. तंटा मिटला, आणि बोलणेही.

कॅसेटविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण आमच्यासारख्यांच्या आठवणींत ती सहसा येत नाही. सत्तावीस तबकड्यांत प्रल्हाद शिंदे नव्हते. भीमगीते नव्हती, शाहिरी नव्हती. फोनो परवडणाऱ्या घराची ती आवड होती आणि आम्ही तिला सरळ ‘मराठी संगीत’ म्हणत होतो. स्वस्त कॅसेट आली आणि टपरीवर, ट्रकमध्ये, वस्तीवर दुसरे मराठी संगीत मोठ्याने वाजू लागले. आमच्या घरी त्याला गोंगाट म्हटले गेले. म्हणणाऱ्यांत मीही होतो. कर्ण्याच्या आठवणीने व्याकूळ होताना त्या कर्ण्यातून काय ऐकू येत नव्हते, याचाही हिशेब ठेवला पाहिजे.

एक योगायोग मला फार आवडतो. १९७७ साली व्हॉयेजर याने सोडली, त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे आणि तिच्यात आमच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ती तबकडी वाजवायची आहे मिनिटाला १६⅔ फेऱ्यांनी, म्हणजे क्रायस्लरच्या मोटारीतल्या थाळीच्याच गतीने! सोबत सुईही पाठवली आहे. आणि भैरवी किती वेळाची? साडेतीन मिनिटांची. ज्या गायकीत एका रागाला तास अपुरा पडे, तिची सूर्यमालेबाहेर निघालेली निशाणी ७८ च्या बाजूएवढी आहे. व्हॉयेजर-१ सुटले ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या.

गेल्या दिवाळीत मुलाने मला ती पाच हजार गाण्यांची पेटी आणून दिली. आवाज स्वच्छ, अक्षरे मोठी. सकाळी लावली की दुपारपर्यंत वाजत राहते आणि मला त्यातले एकही गाणे आठवत नाही. तिला नावे ठेवायची नाहीत. एकट्या घराला सोबत हवी असते आणि ती ते काम करते. पण तिच्यासाठी कोणी उठत नाही.

भीमपलासाची ती थाळी फोनोसह अजून माळ्यावर आहे. तिला मध्याच्या थोडे पुढे एक चरा आहे. पिन तिथे अडके आणि वडील खुर्चीतूनच हात लांबवून बोटाने हलकी टिचकी मारत. परवा नातीने तेच गाणे फोनवर शोधून दिले. चरा नाही, खरखर नाही, सूर कसा आरशासारखा. मी डोळे मिटून ऐकत होतो. ती जागा आली आणि गाणे सरळ पुढे निघून गेले.

नात विचारत होती, “आजोबा, डास होता का?”

माझे बोट हवेत टिचकी मारून गेले होते.