कोणाला किती भौतिकशास्त्र?

अमेरिकन महाविद्यालयांतून पहिल्या पायरीचे भौतिकशास्त्र बहुधा तीन वाटांनी शिकवले जाते. भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना कॅलक्युलससह, जीवशास्त्र-वैद्यकाकडे जाणाऱ्यांना पुष्कळदा नुसत्या बीजगणितावर आणि कला-साहित्यवाल्यांना जवळजवळ गणिताविना. या तिसऱ्या वर्गाला तिकडे थट्टेने 'कवींसाठी भौतिकशास्त्र' म्हणतात. थट्टेतच सारी उतरंड आली.

वाटणीच नको, असे माझे म्हणणे नाही. रिचर्ड फाइनमन यांनी १९६१ ते १९६३ या काळात कॅलटेकमध्ये सर्वांना एकच अभ्यासक्रम शिकवला. ती व्याख्याने ग्रंथरूपाने जगभर गेली. पण विद्यार्थ्यांच्या दृष्टीने आपला प्रयोग फारसा साधला नाही, अशी कबुली खुद्द त्यांनीच प्रस्तावनेत दिली आहे. एकच ताट सर्वांपुढे ठेवले की समता आली, हा भाबडेपणा झाला.

प्रश्न वाटणीच्या कसोटीचा आहे. कसोटी एकच : गणित किती येते? विद्यार्थी पुढे काय करणार, हे क्वचितच विचारले जाते. म्हणून मधल्या वर्गाच्या वाट्याला अभियंत्यांचेच ताक पाणी घालून येते. तोच तोफगोळा, तीच उतरती फळी, कॅलक्युलस तेवढे वजा. आता पेशी पाहा. पाण्यातला लहान रेणू विसरणाने एक मायक्रोमीटर सरकायला साधारण अर्धा मिलिसेकंद घेतो. दहा सेंटिमीटरला मात्र सुमारे दोन महिने. कारण वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जिवाणूचे एवढ्यावर भागते, आपल्याला रक्ताभिसरण लागते. पोहणे थांबवलेला जिवाणू अणूच्या व्यासाहूनही कमी अंतरात थांबतो, हे एडवर्ड पर्सेल यांनी १९७७ साली मांडले. तोफगोळ्यावर वाढलेल्याला हे कसे उमगावे?

मेरीलँड विद्यापीठात एडवर्ड रेडिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम रचला. त्यात विसरणाला आणि रासायनिक बंधांच्या ऊर्जेला मानाची जागा आहे. हे मोठेच काम. पण कॅलक्युलस तिथे पूर्वअट आहे. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुले बहुसंख्य असलेल्या कितीतरी अमेरिकन शाळांत कॅलक्युलसचा वर्गच नसतो, हे तिथल्या शिक्षण खात्याचीच आकडेवारी सांगते. असा विद्यार्थी दाराशी पोहोचेपर्यंत सत्र-दोन सत्रे मागे पडलेला असतो. म्हणून या रचनेबद्दल आदर ठेवूनही विचारावेसे वाटते : हवे तेवढे कॅलक्युलस विसरणाचा धडा घेता घेताच शिकवता आले नसते काय? त्या दोन महिन्यांच्या हिशेबाला तर साधा वर्ग पुरला.