पेटत नाही, धूर येतो : एका तक्त्याचे परीक्षण

या सदरात आम्ही सहसा पुस्तकांविषयी लिहितो. या वेळी परीक्षणासाठी घेतलेला मजकूर पुस्तक म्हणण्याइतका मोठा नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहणाऱ्या आणि पूर्वी आपल्याकडे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका वाचक बाईंनी आपल्या घरातील पेलेट-हीटरची माहितीपुस्तिका आम्हांला पाठवली. ऐन थंडीत हा हीटर पेटेनासा झाला. पेटला तर आधी धूर ओकू लागला. पुस्तिकेच्या शेवटी दोषनिवारणाचा तक्ता होता. त्याप्रमाणे बाईंनी एकेक करून सर्व उपाय केले. त्या लिहितात, ‘उपाय बरेच सापडले, कारण एकही सापडले नाही.’ या एका वाक्यामुळे आम्ही आणखी दोन कंपन्यांच्या पुस्तिका मिळवून वाचल्या. तिन्ही तक्ते जवळजवळ सारखेच निघाले, आणि त्यांतील उणीव आपल्या वर्गातल्या ‘ज्वलन’ या पाठातील उणिवेशी इतकी मिळतीजुळती निघाली की, हे परीक्षण शिक्षकांच्या मासिकात अस्थानी ठरू नये.

आधी यंत्र समजून घेऊ. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा प्रचंड दाबाखाली साच्यातून काढून केलेल्या कांड्या. जाडी ६ किंवा ८ मिलिमीटर, लांबी फार तर बोटाएवढी. भुसा धरून ठेवायला बहुधा वेगळा डिंक लागत नाही; दाबाने व उष्णतेने लाकडातलेच लिग्निन मऊ होते आणि ते काम करते. हीटरच्या वरच्या पेटीत कांड्या भरायच्या. विजेवर फिरणारा एक मळसूत्री दांडा त्या थोड्याथोड्या करून लोखंडी कुंडीत टाकतो. कुंडीला तळाशी व बाजूंना भोके असतात. एक विद्युत्-कांडी, साधारण ३०० वॉटची, आत येणारी हवा तापवते आणि त्या हवेने पेलेट पेटतात. मागे एक पंखा धूर ओढून नळीवाटे बाहेर टाकतो. दुसरा पंखा खोलीत गरम हवा सोडतो. १९७०च्या दशकातील तेलटंचाईनंतर अमेरिकेच्या वायव्य भागात, जिथे लाकूड-गिरण्यांचा भुसा ढिगांनी पडे, तिथे हे हीटर विकसित झाले.

आपल्याकडील वडीलधाऱ्यांना हे सारे ऐकून भुशाची शेगडी आठवेल. वखारीतून भुसा आणायचा, डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासून भरायचा, बाटली अलगद काढून घ्यायची, आणि खालच्या भोकातून पेटवायचे. भुसा नीट ठासला नसेल तर मधले भोक ढासळे आणि घरभर धूर होई. पेलेट-हीटरने हा ठासण्याचा त्रास कारखान्यात नेला आणि फुंकणीच्या जागी पंखा बसवला. भोक बुजले की धूर, हा नियम मात्र तसाच राहिला.

आता तक्ता. पहिली तक्रार ‘पेटत नाही’. उपाय असे : कुंडी साफ करा, विद्युत्-कांडी तपासा, पेलेट बदला, पुन्हा सुरू करा. बऱ्याच ओळी सोडून दुसरी तक्रार, ‘धूर येतो’ : नळी साफ करा, दाराची दोरी तपासा, खिडकी उघडा. एकेक उपाय चुकीचा नाही. आमचा आक्षेप या दोन तक्रारी वेगवेगळ्या रकान्यांत टाकण्याला आहे. न पेटणे आणि धूर होणे या दोन निराळ्या व्याधी नव्हेत. जे पेटायला हवे होते आणि पेटले नाही, तोच धूर.

लाकूड स्वतः ज्वाळेने जळत नाही. ते तापले की आधी त्यातील पाणी निघून जाते. २०० अंश सेल्सियसच्या पुढे लाकूड फुटू लागते आणि ३०० ते ४०० अंशांच्या दरम्यान त्यातून वायू व डांबराची वाफ जोरात बाहेर पडते. ज्वाळा असते ती या वायूंची. मागे राहिलेला कोळसा नंतर ज्वाळेविना, लालभडक होऊन जळतो. वायू बाहेर पडले, पण ते पेटतील इतके तापमान किंवा पुरेशी हवा मिळाली नाही, तर वाफ थंड होऊन तिचे बारीक थेंब बनतात. आपल्याला दिसतो तो पांढरा-पिवळट धूर म्हणजे हेच थेंब. काळा धूर वेगळा : ज्वाळा आहे, पण हवा अपुरी असल्याने कार्बनची काजळी जळायची राहून गेली. म्हणजे धुराचा रंग पाहून बिघाड पेटण्याआधीचा की पेटल्यानंतरचा, हे सांगता येते. तिन्ही पुस्तिकांपैकी एकीनेही धुराच्या रंगाविषयी अवाक्षर काढलेले नाही.

‘पुन्हा सुरू करा’ हा उपाय तर आम्हांला धोक्याचा वाटतो. प्रत्येक प्रयत्नात मळसूत्र नव्या कांड्या टाकते. आधीच्या कांड्या धुमसत असतील तर भट्टी ज्वालाग्राही धुराने भरत जाते. दहा-पंधरा मिनिटांनी अचानक ठिणगी लागली की तो सगळा वायू एकदम पेटतो. दाराची काच हादरते, क्वचित फुटते. एका पुस्तिकेत पुन्हा सुरू करण्यापूर्वी कुंडी रिकामी करा, अशी सूचना आहे, पण ती चौदा पाने आधी, स्वच्छतेच्या प्रकरणात. थंडीने कुडकुडणारा माणूस चौदा पाने मागे जाईल, असे गृहीत धरणाऱ्या लेखकाने हा हीटर हिवाळ्यात कधी पेटवला नसावा.

धूर खोलीत का येतो, याचेही उत्तर तक्त्यात नाही. ओढणाऱ्या पंख्यामुळे भट्टीतला दाब खोलीतल्या दाबापेक्षा किंचित कमी राहतो. म्हणून दाराची दोरी थोडी झिजली तरी खोलीतली हवा आत जाते, धूर बाहेर येत नाही. हा फरक नाहीसा झाला की सांधा न् सांधा धूर सोडू लागतो. वीज गेली, पंख्याच्या पात्यांवर राख साचली किंवा आडव्या नळीत राखेचा थर बसला, तर फरक नाहीसा होतो. आणखी एक कारण घरात असते. एक किलो पेलेट पूर्ण जळायला किमान सहा किलो, म्हणजे सुमारे पाच घनमीटर हवा लागते. प्रत्यक्षात हीटर याच्या दुप्पट किंवा जास्तही हवा ओढतो. थंड देशांतील नवी घरे फटी बुजवून बांधलेली असतात. अशा घरात स्वयंपाकघरातला मोठा पंखाही चालू असेल तर दोन पंख्यांची रस्सीखेच होते, आणि धूर जिंकणाऱ्याच्या दिशेने जातो. ‘खिडकी उघडा’ हा सल्ला तक्त्यात धूर जाण्यासाठी दिला आहे. तो खरे तर चाचणी म्हणून द्यायला हवा होता : खिडकी बोटभर उघडल्यावर धूर थांबला, तर दोष हीटरात नसून घराच्या हवेत आहे.

बहुतेक हीटरांत हा दाबाचा फरक ओळखणारा एक स्विच असतो. फरक नाहीसा झाला की तो पेलेट टाकणे बंद करतो. तक्ता म्हणतो, ‘स्विच सदोष, बदला.’ निरोप आवडला नाही म्हणून निरोप्याला काढून टाकण्यातलाच हा प्रकार.

‘चांगले पेलेट वापरा’ हे वाक्यही असेच पोकळ. चांगले म्हणजे काय, हे आंतरराष्ट्रीय मानकात आकड्यांनी दिलेले आहे : घरगुती वापराच्या पहिल्या प्रतीत ओलावा १० टक्क्यांपेक्षा जास्त नको, राख ०.७ टक्क्यांपेक्षा जास्त नको, चुरा १ टक्क्यापेक्षा जास्त नको. ओलावा असला की कांडीची पहिली उष्णता पाणी उकळण्यातच खर्च होते. चुरा जास्त असला की तो कुंडीची भोके बुजवतो. सालीबरोबर माती-वाळू आली की राख वितळून काचेसारखा खडा बनतो आणि तोही भोकांवरच बसतो. तिन्ही दोष शेवटी हवेच्या वाटेवर येतात, हे सांगायला दोन ओळी पुरल्या असत्या.

इतके बोलल्यावर आपल्या पाठाकडे वळणे भाग आहे. जळण, प्राणवायू आणि ज्वलनांकाइतके तापमान, या तीन गोष्टी आपण फळ्यावर त्रिकोण काढून सांगतो. हाही एक तक्ताच. मुलांना वाटते की लाकूड नावाच्या घन पदार्थाचा एक ठरावीक ज्वलनांक असतो आणि तो गाठला की लाकूड जळते. मग ओंडका काडीने पेटत नाही, पण त्याच लाकडाची ढलपी पेटते, याचे उत्तर त्रिकोणात मिळत नाही. धूर तर त्रिकोणात कुठेच नाही. फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे मेणबत्तीवर व्याख्याने दिली. विझवलेल्या मेणबत्तीच्या धुराला, वातीपासून थोड्या अंतरावर, त्यांनी जळती काडी लावली. ज्वाळा धुरातून उतरून वातीवर आली. हा प्रयोग वर्गात करायला एक मेणबत्ती आणि दोन काड्या लागतात. वारा मात्र नको.

लाकडासाठीही करता येईल. कडक काचेच्या परीक्षानळीत कोरड्या लाकडाचे बारीक तुकडे घ्या, तोंडाला निमुळती नळी बसवलेले बूच लावा आणि दिव्यावर तापवा. आधी वाफ येईल, मग पिवळट धूर. धुराला काडी लावा, तो नळीच्या टोकाशी पेटेल. परीक्षानळीत साचलेल्या द्रवात निळा लिटमस बुडवला तर लाल होतो, कारण त्यात ॲसेटिक आम्ल असते. तळाशी कोळसा उरतो. खोलीच्या खिडक्या उघड्या असाव्यात, कारण या वायूंत कार्बन मोनॉक्साइडही आहे.

त्या वायूविषयी पुस्तिकांचे कौतुकही केले पाहिजे. तिघींनी पहिल्याच पानावर चौकटीत इशारा दिला आहे आणि घरात मोनॉक्साइडचा भोंगा बसवायला सांगितले आहे. मात्र पेलेटच्या साठ्यातूनही, न पेटवता, हा वायू निघतो, हे एकीनेच लिहिले आहे. लाकडातील तेलकट अंशांचे हवेशी संथ संयोग होऊन तो बनतो. २००६ मध्ये स्वीडनच्या हेलसिंगबोर्ग बंदरात पेलेट उतरवताना जहाजावरील जिन्यात याच वायूने एका खलाशाचा बळी घेतला. तिथे आग नव्हती, धूर नव्हता, वासही नव्हता. ज्यांच्या तळघरात टनावारी पेलेट साठवले जातात, त्यांना हे दुसऱ्या पानावर तरी कळायला हवे.

भारतातही पेलेट घरात आले होते, तापण्यासाठी नव्हे, स्वयंपाकासाठी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधनातून तयार झालेली ‘ऊर्जा’ शेगडी २००६ पासून महाराष्ट्रातही विकली गेली. तिच्यात कांड्या भरून वरून पेटवायच्या असत, चुलीच्या नेमके उलट. खालचे पेलेट तापून वायू सोडत आणि तो वर जाताना ज्वाळेतून जाऊन जळे. खालून पेटवले असते तर तोच वायू वरच्या थंड कांड्यांतून धूर होऊन निघाला असता. पुढे पेलेट महागले आणि घरगुती वापर ओसरला. पाठ्यपुस्तकाला मात्र ‘वरून का पेटवायचे?’ हा आयता प्रश्न मिळाला होता, तो कोणी उचलला नाही.

बाईंना आम्ही धुराचा रंग विचारला. पांढरा, आणि ज्वाळा येण्याआधीच, असे उत्तर आले. कुंडी त्यांनी पुसली होती, पण भोके तपासली नव्हती. तळाच्या चार भोकांवर राखेचा खडा पक्का बसलेला होता. तारेने तो काढल्यावर हीटर पाच मिनिटांत पेटला. स्वयंपाकघरातला पंखा लावला की अजून क्षणभर धुराचा वास येतो, असे त्या लिहितात. खिडकी बोटभर उघडून पाहायला आम्ही कळवले आहे.