डेव्हिड बॉलकम यांचे संशोधन आणि प्रभावाची मोजणी

एखाद्या वैज्ञानिकाच्या संशोधनाचा प्रभाव ठरवावयाचा झाल्यास अलीकडे बहुधा दोनच साधने हाती घेतली जातात : त्याच्या निबंधांचा इतरांनी किती वेळा उल्लेख केला, आणि त्यास कोणती पारितोषिके मिळाली. ही साधने अगदीच निरुपयोगी आहेत असे नव्हे. परंतु ती वस्तूपेक्षा नावाच्या मागे अधिक जातात. आणि एकाच वस्तूस निरनिराळी नावे पडलेली असली, म्हणजे त्यांच्या आधारे काढलेले निष्कर्ष संशयास्पद ठरतात. वनस्पती-रेणुजीवशास्त्रातील इंग्रज संशोधक डेव्हिड बॉलकम (जन्म १९५२) यांच्या कार्याचे जे मूल्यमापन आजवर झाले, त्यात हा दोष स्पष्ट दिसतो.

१९९० साली अमेरिकेत नापोली, लेम्यू व जॉर्गेन्सेन या संशोधकांनी पेटूनियाच्या फुलांचा जांभळा रंग अधिक गडद करण्याच्या हेतूने रंगद्रव्याशी संबंधित जनुकाची एक जादा प्रत झाडात घातली. रंग गडद होण्याऐवजी कित्येक झाडांस पांढरी, तर काहींस पांढऱ्या-जांभळ्या नक्षीची फुले आली. पाहुण्या जनुकाने आपल्याबरोबर घरच्या जनुकाचेही कार्य थांबविले होते. या प्रकारास 'सहदमन' अशा अर्थाचे नाव मिळाले. १९९२ मध्ये रोम येथे रोमानो व मासिनो यांना न्यूरोस्पोरा या बुरशीत असेच काही आढळले. त्यांनी त्यास 'शमन' या अर्थाची संज्ञा दिली. १९९८ मध्ये फायर व मेलो यांनी एका सूक्ष्म कृमीत दुहेरी धाग्याच्या आरएनएमुळे जनुकाचे कार्य बंद पडते असे दाखविले, आणि 'आरएनए-व्यत्यय' ही तिसरी संज्ञा रूढ झाली. तिन्ही संज्ञा रूपकात्मक आहेत. एकीत दडपणे आहे, दुसरीत शांत करणे, तिसरीत मध्ये पडणे. आणि पहिल्या दोहोंत तर कारणाचा निर्देशही नाही. शिवाय वनस्पती, बुरशी व प्राणी यांचे अभ्यासक आपापल्या संज्ञेच्या कुंपणात राहिले. मराठीत या सर्वांसाठी 'मूकीकरण' हा शब्द योजण्याचा मोह होईल, पण तोही फसवा आहे. पेटूनियासारख्या उदाहरणांत जनुक मुका होत नाही. तो बोलतो, त्याचा संदेश मात्र वाटेतच नष्ट केला जातो.

नॉर्विच येथील सेन्सबरी प्रयोगशाळेत बॉलकम यांनी या प्रश्नाकडे विषाणूंच्या बाजूने पाहिले, हे त्यांचे वैशिष्ट्य होय. काही झाडे विषाणूची लागण होऊनही आपोआप सावरतात : खालची पाने रोगट राहतात, परंतु नंतर फुटलेली वरची पाने निरोगी असतात व पुन्हा लागण केल्यासही दाद देत नाहीत. तंबाखूतील हा चमत्कार १९२८ साली विंगार्ड यांनी वर्णिला होता, आणि जवळजवळ सत्तर वर्षे तो एक कुतूहल म्हणून ग्रंथांत पडून होता. १९९७ मध्ये रॅटक्लिफ, हॅरिसन व बॉलकम यांनी दाखवून दिले की, हे सावरणे आणि जनुकाचे बंद पडणे या सारख्याच घटना आहेत. पेटूनियातील गोंधळ हा माळ्याच्या हातून झालेला अपघात नसून वनस्पतीच्या संरक्षणव्यवस्थेने पाहुण्यास शत्रू समजण्याचा प्रकार होता, असा अर्थ त्यातून निघू लागला.

मग प्रश्न उरला तो ओळखीचा. हजारो संदेशांतून नेमका एकच संदेश ओळखून नष्ट होतो, तो कशाच्या साह्याने? संदेशास पूरक असा एखादा आरएनए असला पाहिजे हा तर्क नवा नव्हता, परंतु तो सापडत नव्हता. कारण जो तो लांब रेणूच्या शोधात होता आणि नित्याच्या पद्धतीत अगदी आखूड तुकडे जेलमधून वाहून जात. हॅमिल्टन व बॉलकम यांनी आखूड तुकड्यांसाठीच जाळे टाकले. १९९९ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या त्यांच्या अवघ्या तीन पृष्ठांच्या निबंधात सुमारे २५ न्यूक्लिओटाइडांचा आरएनए नोंदविलेला आहे. तो टोमॅटोत व तंबाखूच्या कुळातील झाडांत, जेथे जनुक बंद पडला होता तेथे आढळला. जेथे पडला नव्हता तेथे आढळला नाही. आणि बटाट्याच्या एक्स विषाणूची केवळ लागण झालेल्या, पाहुणा जनुक मुळीच नसलेल्या झाडातही आढळला. या शेवटच्या नोंदीचे महत्त्व विशेष आहे, कारण तिने ही यंत्रणा प्रयोगशाळेबाहेरची ठरविली. लवकरच माशीच्या अर्कात जवळपास याच लांबीचे तुकडे मिळाले. २००१ मध्ये टुशल यांच्या गटाने तसे कृत्रिम तुकडे सस्तन प्राण्यांच्या पेशींत वापरले. २०१८ मध्ये या तत्त्वावरील पहिले औषध, पॅटिसिरान, अमेरिकेत मान्य झाले. तीन संज्ञांखालील द्रव्य एकच आहे, हे त्या २५ च्या आकड्याने जेवढे पटविले तेवढे कोणत्याही युक्तिवादाने पटविले नव्हते.

चाहत्यांनी मात्र येथे हात आखडता घ्यावयास हवा. हवाईमध्ये १९९८ साली लागवडीस आलेली विषाणूरोधक पपई कधी कधी याच संशोधनाचे फळ म्हणून मांडली जाते. ती याच यंत्रणेने तगते हे खरे, पण तिची निर्मिती यंत्रणा कळण्यापूर्वीची आहे. २००६ चे नोबेल पारितोषिक फायर व मेलो यांनाच मिळाले तेव्हा वनस्पतीवरील पूर्वकार्य डावलले गेल्याची तक्रार झाली. तक्रारीत तथ्य होते. तथापि दुहेरी धाग्याचा शोध बॉलकम यांचा नव्हे. २००८ चे लास्कर पारितोषिक अँब्रोस, रव्हकुन व बॉलकम यांना मिळून देण्यात आले, आणि २०२४ चे नोबेल त्यांपैकी पहिल्या दोघांना. हेही तर्कास धरूनच आहे, कारण १९९३ चा सूक्ष्म-आरएनएचा शोध स्वतंत्र होता. पण कृमीतला तो २२ न्यूक्लिओटाइडांचा रेणू कित्येक वर्षे कृमीचीच एक लकब समजला जाई. आखूड आरएनए हा एक वर्ग आहे, ही जाणीव निर्माण होण्यास १९९९ चा निबंध मोठ्या प्रमाणावर कारणीभूत झाला, आणि हे ऋण कोणत्याही पारितोषिकाच्या शब्दांकनात बसत नाही.

केंब्रिजला गेल्यानंतरचे त्यांचे कार्य त्या मानाने कमी चर्चिले गेले आहे. २०१० मध्ये त्यांच्या गटाने अरॅबिडॉप्सिसच्या कलमांत असे दाखविले की, हे आखूड आरएनए जोड ओलांडून दुसऱ्या भागात जातात आणि तेथील पेशींच्या डीएनएवर रासायनिक खुणा उमटवितात. खुंट आणि कलम यांच्यातील देवाणघेवाण पाणी व अन्नरसापुरतीच आहे असे मानणाऱ्या उद्यानविद्येने या निष्कर्षाची दखल अद्याप पुरेशी घेतलेली नाही.